सर्व्हर पडला, हात कोणाचा?

ज्या ऑफिसात सगळं सुरळीत चालतं, तिथले किस्से होत नाहीत. तिथे फक्त वाढदिवसाचे केक कापले जातात. आमच्याकडे दर आठवड्याला काहीतरी पडायचं, त्यामुळे किश्श्यांना तोटा नव्हता. आता आम्ही चौघं चार ठिकाणी आहोत. वर्षातून एकदा किहीमला माझ्याकडे जमतो, माशांचं जेवण होतं, वाडीत खुर्च्या टाकून बसतो, आणि कोणीतरी म्हणतं, "तो शनिवार आठवतो का?" एवढं ऐकलं की माझा नवरा उठून आत जातो. त्याला सगळे किस्से पाठ आहेत, मधली वाक्यंसुद्धा. तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगते.

अलिबागला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची सर्व्हर रूम होती. रूम म्हणजे काय, एसी लावलेली एक खोली, त्यात लोखंडी कपाट, कपाटात मशिनं, आणि मशिनांच्या घरघरीत मोठ्याने बोलणारे आम्ही. मुंबईहून येणाऱ्या बोटींची तिकिटं, किनाऱ्यावरच्या कॉटेजांचं बुकिंग, एक-दोन पतपेढ्यांचं काम, सगळं त्या कपाटातून चालायचं. कंपनी मूळची अलिबागचीच. मग बेलापूरच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं, आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला: अलिबागची खोली बंद करा, मशिनं इकडे आणा, माणसांना यायचं असेल तर येऊ देत.

ती खोली उभी केली होती जाधव सरांनी. सर थळचे. आम्हा तिघांना त्यांनीच शोधून घेतलं. एक मी, सुवर्णा ठाकूर. दुसरा रेवसकडचा नितीन म्हात्रे, ज्याच्या बोटांना दम म्हणून नव्हता. तिसरा रेवदंड्याचा इम्तियाज, जो वायरसुद्धा तिची माफी मागून हलवायचा. सर म्हणायचे, "हे काम घरचं जेवून करता आलं पाहिजे. त्याच्यासाठी गाव सोडायला लागू नये." नितीनची आई अंथरुणाला खिळलेली, इम्तियाजचं नुकतं लग्न झालेलं, माझी पोर बालवाडीत. बेलापूरला जा म्हणणं म्हणजे आम्हाला नोकरी सोडा म्हणणंच होतं. सरांना ते माहीत होतं. त्यामुळे सर्व्हर पडला की आम्ही चौघं हातातलं टाकून धावायचो, आणि तो पडायचा नेमका शनिवारी सकाळी, अर्धी मुंबई अलिबागला निघालेली असताना.

*

आधी आमचा नियम सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

सर्व्हर पडणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे तो रुसतो, हळू चालतो, मनधरणी केली की उठतो. दुसरं म्हणजे कर्नल पॅनिक. कर्नल हा मशीनचा गाभा. त्यानेच मान टाकली की काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांचा लोंढा येतो आणि तसाच थिजतो. शेवटी काय बिनसलं ते त्या अक्षरांत असतं. तो स्क्रीन वाचायच्या आत मशीन बंद करून चालू केलं, की पुरावा गेला.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा सर धावत आत आले, तोवर नितीनचं बोट बटणावर पोहोचलं होतं.

"स्क्रीनवर काय होतं?" सरांनी विचारलं.

"बघितलं न्हाय सर. पन आता मस्त चालू हाय."

मस्त चालू असलेला सर्व्हर संध्याकाळच्या आत परत पडला. सर ओरडले नाहीत. त्यांनी नियम घातला. सर्व्हर पडला की आधी स्क्रीनचा फोटो. मग सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवायच्या. मग सर विचारणार, "हात कोणाचा?" ज्याने सकाळपासून त्या मशीनला काहीही केलं असेल त्याने हात वर करायचा. वर केलेल्या हाताला कोणी एक शब्द बोलायचा नाही. उलट खालच्या मंदाताईंच्या टपरीवरून येणारा पहिला चहा त्याला.

नितीनने या नियमाचं सोनं केलं. "सर, मी खिडकी उघडलेली." हात वर. "सर, मी त्याच्या म्होरं शिंकलो." हात वर. सर शांतपणे म्हणायचे, "शिंक बाजूला ठेव. अजून काही?" एकदा फोन आला की सर्व्हर पडलाय, आणि सरांनी काही विचारायच्या आत नितीनचा हात वर.

"नितीन, तो बेलापूरला पडलाय. तुझा काय संबंध?"

"असू दे सर. चहा आलाच हाय तर."

*

इम्तियाजचा वेगळाच नियम होता. तो सरांनी घातला नव्हता, पण आम्ही सगळे पाळायचो. सर्व्हरचं कौतुक करायचं नाही. "आज काय झकास चाललाय" असं कोणी म्हणालं की इम्तियाज कानावर हात ठेवायचा. त्याच्या मते मशीनला नजर लागते, आणि माणसाची उतरवता तरी येते, मशीनची कोण उतरवणार?

बेलापूरहून रोज सकाळी एका मुलीचा फोन यायचा, सगळ्या शाखांचे सर्व्हर कसे आहेत ते विचारायला. आमच्याकडे फोन इम्तियाजच घ्यायचा.

"अलिबागचा सर्व्हर कसा आहे?"

"रडतोय, मॅडम."

हे त्याने इतके दिवस सांगितलं की बेलापूरने एक इंजिनिअर पाठवला. तो बिचारा लाँचने आला, उन्हात वर आला, दुपारपर्यंत मशीन तपासत बसला. त्याला काहीच सापडलं नाही. जेवायला सुरमईचं कालवण होतं म्हणून फार भांडण झालं नाही. तो गेल्यावर सरांनी इम्तियाजला बाजूला घेतलं.

"अरे, निदान 'बरा आहे' तरी म्हणत जा."

इम्तियाजने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "सर, 'बरा' पण नजरेत येतो."

*

आता शनिवारचं कोडं. सोमवार ते शुक्रवार मशीन गाईसारखं गरीब. शनिवारी सकाळी बुकिंगची झुंबड उडाली की धाडकन आडवं! फोटोत दर वेळी एकच नाव दिसायचं, नेटवर्क कार्डाच्या, नुकत्याच बदललेल्या ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यामधला दुभाष्या. बाहेरून आलेलं बोलणं आत सांगायचं, आतलं बाहेर. (ड्रायव्हर खराब आहे म्हटल्यावर लोक जे विनोद करतात ते मी सांगणार नाही. ते सगळे आम्हाला मांडव्याच्या बोटवाल्या काकांनी ऐकवलेले आहेत, तेही दर शनिवारी.) सरांना संशय होता की एकदम फार लोक बोलायला लागले की हा दुभाष्या गडबडतो. पण ते तपासायचं कसं? शनिवारी गर्दी असते, पण शनिवारी प्रयोग करता येत नाहीत. बुधवारी प्रयोग करता येतात, पण बुधवारी गर्दी नसते.

"बुधवारी गर्दी आणायची कुठून?" सर म्हणाले.

माझी आई किहीमच्या बचत गटाची अध्यक्ष. मी घरी सहज बोलले. पुढच्या बुधवारी दुपारी आमच्या ओट्यावर सगळा गट हजर, प्रत्येकीच्या हातात फोन, शिवाय ज्यांचे फोन जुने होते त्यांनी सुनांचे आणले होते. काम एवढंच, सगळ्यांनी एकाच वेळी बोटीचं तिकीट काढायला लागायचं, पैसे भरायच्या आत परत मागे यायचं, आणि परत पहिल्यापासून. पतपेढ्यांना आणि बोटवाल्यांना सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी ऑफिसात, आई फोनवर. मी "चला" म्हटलं.

सुरुवातीला काही होईना. कोणी भाऊच्या धक्क्याऐवजी गेटवे दाबत होतं, कोणी खरंच तिकीट काढत होतं. मग आत्याने सूत्रं हातात घेतली. आमची आत्या मासळी बाजारात आवाजासाठी प्रसिद्ध आहे. फोनमधून तिची आरोळी मला ऐकू आली, "बाया, दाबा!"

कपाटातला पंखा जोरात फिरला, स्क्रीनवर अक्षरांचा लोंढा आला आणि थिजला. मी ओरडले, "पडला!"

पलीकडे टाळ्या. आत्या फोनवर आली. "पडला का गो? आमीच पाडला." इतक्या आनंदाने सर्व्हर पाडलेला मी आजवर पाहिला नाही.

सरांनी त्याच दिवशी जुना ड्रायव्हर परत चढवला आणि आत्याला पुन्हा दाबायला सांगितलं. बायकांनी अंगठे दुखेपर्यंत दाबलं, मशीन हललं नाही. दोष कळला. नवीन ड्रायव्हर गर्दीत टिकत नव्हता, जुना टिकत होता. आत्या मात्र नाराज झाली. संध्याकाळी मी घरी गेले तर तिने हात वर करून दाखवला. म्हणाली, "तुमच्या सरांना सांग, हात आमचा व्हता. चहा कवा पाठवतात?"

सरांनी चहापूड पाठवली. सगळ्या गटाला पुरेल एवढी.

*

पण बेलापूरला हे पटलं नाही. बेलापूरचं एक आवडतं कारण होतं, खारी हवा. सर्व्हर पडला, खारी हवा. इंटरनेट गेलं, खारी हवा. एकदा त्यांच्याच पोरांनी चुकीचा पासवर्ड बदलला, तरी पत्रात शेवटी खारी हवा होतीच. समुद्राजवळ कोणी सर्व्हर ठेवतं का, असं ते विचारायचे. जणू बेलापूर काय हिमालयात आहे. सरांनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की या मशीनला नवीन ड्रायव्हर लावू नका, बाकी काही मागत नाही. ते हो म्हणायचे आणि पुढच्या मीटिंगमध्ये परत खोली बंद करण्याचा विषय काढायचे.

एका दुपारी जेवण झाल्यावर नितीनने सरांना विचारलं, "सर, ह्यो हात वर करायचा नियम कुटं शिकलात? कुठल्या कोर्सला?"

सर डबा धूत होते. म्हणाले, "कोर्सला नाही रे. शाळेत. आमच्या शाळेत काही फुटलं, काही हरवलं, की हात कोणाचा ते आधीच ठरलेलं असायचं. आमच्या वस्तीतल्या पोरांचा. विचारायची पद्धतच नव्हती. मला वाटायचं, कोणीतरी एकदा विचारावं. आणि ज्याचा असेल त्याला सांगता यावं, मार न खाता."

सरांनी डबा पुसून पिशवीत ठेवला. मला त्या दिवशी सरांविषयी जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता वाडीत बसतो तेव्हाही सांगत नाही, ते विषय बदलतील.

*

आणि आता तो शनिवार.

बेलापूरला देसाई साहेब म्हणून नवीन मुख्य आले. माणूस सज्जन, पण घाईतला. त्यांनी सरांना फोनवर स्पष्ट सांगितलं, "जाधव, मी शनिवारी स्वतः येऊन बसतो. गर्दीत मशीन टिकलं तर बघू. पडलं, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये खोली बंद करायचा निर्णय घेऊन टाकू." सरांनी आम्हाला ते जसंच्या तसं सांगितलं. लपवालपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

शनिवारी सकाळी सरांनी आम्हाला दारातच बजावलं, "आज कपाटाला कोणी बोटही लावायचं नाही. नितीन, तू तर हात खिशात ठेव." नितीनने खरंच ठेवले.

देसाई साहेब भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरले, तिथून नितीननेच त्यांना स्कूटरवर आणलं. वाटेत साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे काम कसं चालतं? नितीनला एवढंच पुरे होतं. हात, चहा, शिंक, आत्या, सगळं त्याने रेवस ते अलिबाग सांगितलं. साहेब वर आले तेव्हा हसत होते. लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

गर्दी वाढायला लागली. मशीन चालत होतं. इम्तियाजने साहेबांना आधीच विनंती केली होती की काहीही चांगलं बोलू नका. साहेब बोलले नाहीत, तरीही ऐन गर्दीत पंखा गरगरला आणि स्क्रीन काळा झाला. कर्नल पॅनिक.

फोटो काढला. खुर्च्या मागे सरकवल्या. मांडव्याहून फोन वाजायला लागले, ते वाजू दिले. सरांनी विचारलं, "हात कोणाचा?"

कोणीच हात वर केला नाही.

नितीनसुद्धा नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. फोटोत ड्रायव्हरचं नाव होतं, आणि तो जुना नव्हता, नवीन होता. म्हणजे सकाळीच कोणीतरी तो चढवला होता. सरांनी एकेकाकडे पाहिलं. परत विचारलं, आवाज अगदी खाली आणून, "खरंच कोणाचा नाही?"

खोली जाणार हे आम्हाला दिसत होतं, पण सरांचा चेहरा खोलीसाठी उतरला नव्हता. आपल्या माणसांना आपल्याला सांगायची भीती वाटते, असं त्यांना वाटलं होतं. मी म्हणाले, "सर, मशीन उठलं की त्याच्या नोंदीत दिसेल, ड्रायव्हर कोणी चढवला ते. मी बघते."

"नको," सर म्हणाले. "हात वर करायचा असतो, सुवर्णा. पकडायचा नसतो."

त्यांनी स्वतः मशीन उठवलं, जुना ड्रायव्हर चढवला, तिकिटं चालू झाली. मग सगळ्या बोटवाल्यांना एकेक फोन करून माफी मागितली. देसाई साहेब कोपऱ्यात बसून होते. मंदाताईंचा चहा आला तो कोणी आधी घेईना, त्यावर साय धरली. साहेब लवकरच निघाले. मला रेवसच्याच वाटेने घरी जायचं होतं, मी त्यांना रिक्षातून धक्क्यापर्यंत सोडलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तुमचे सर असेच आहेत का, की आज मी होतो म्हणून?" मी म्हटलं, "असेच आहेत."

मशीनच्या नोंदी मी पाहिल्या नाहीत. नितीनने पाहिल्या असणार, कारण तो संध्याकाळपर्यंत गप्प होता, आणि नितीन गप्प बसलेला मी त्याआधी पाहिलेला नाही. सरांना माहीत होतं की नाही, यावर आम्ही अजून भांडतो. सर समोर बसलेले असतात, पण ते सांगत नाहीत.

सोमवारी व्हिडिओ मीटिंग होती. आम्ही चौघं एका स्क्रीनसमोर दाटीवाटीने बसलो. पलीकडे बेलापूरच्या डायरेक्टर मॅडम आणि सगळे साहेब लोक, प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. इम्तियाज तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मॅडम म्हणाल्या, "अलिबागचं आज संपवून टाकू. देसाई, शनिवारी तुम्ही तिथेच होतात ना? सांगा काय झालं ते."

देसाई साहेब सरसावून बसले. त्यांनी हात वर केला.

"अहो, बोला की," मॅडम म्हणाल्या.

"हात माझा होता," साहेब म्हणाले. "सकाळी लाँचमध्ये वेळ होता म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्या शाखांच्या मशिनांवर नवीन ड्रायव्हर चढवला. अलिबागच्याही. जाधवांनी नको म्हणून वारंवार सांगितलं होतं, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी तिथे विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. त्यांच्या माणसांचा दोष नाही. हवेचाही नाही."

कोणाच्याच चौकटीत काही हललं नाही. मग मॅडमनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला. आमच्या खोलीचा विषय त्यानंतर निघालाच नाही, सर रिटायर होईपर्यंत ती होती. पण त्या क्षणी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मीटिंग पुढे चालली होती, कोणीतरी आकडे वाचत होतं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात देसाई साहेबांचा हात अजून वरच होता. नितीनने स्कूटरवर त्यांना हात वर करायचं सांगितलं होतं, खाली कधी घ्यायचा ते सांगायचं राहिलं होतं.

सरांनी पुढे वाकून आमचा माइक चालू केला.

"साहेब," ते म्हणाले, "हात खाली घ्या आता. दुखेल."